हिवाळ्यात लाईटबिल दुप्पट येतंय, नेमकं कुठे आवळायचं?

हुडहुडी

नमस्कार मंडळी,
थंडी सुरू झाली की आमचं लाईटबिल दरवर्षीच वर चढतं, पण यंदाचं बघून नवऱ्याने आधी मीटर नंबर ताडून पाहिला की हे आपलंच आहे ना. भाड्याचं घर आहे, सगळ्यात वरचा मजला, दोन बेडरूम. सासूबाई सत्तरीच्या पुढे, थंडीत त्यांचे गुडघे धरतात, आणि लेक तीन वर्षांची, त्यामुळे "हिटर लावूच नका, स्वेटर घाला" हा सल्ला कृपया देऊ नका, स्वेटर घालूनच हे लिहितेय.
घरात २००० वॅटचा पंख्यावाला हिटर आहे, तो संध्याकाळपासून झोपेपर्यंत चालू असतो, कधी पहाटेही लावतो. बाथरूमला टाकीवाला गिझर, तो जवळजवळ दिवसभर चालूच असतो कारण कोण कधी पाणी घेईल काही नेम नाही.
विचारायचंय ते असं की ऑइलचा हिटर घेतला तर वीज कमी जाते असं बरेच जण म्हणतात, ते खरं आहे का? गिझर चालूच ठेवावा की लागेल तेव्हा लावावा? आणि भाड्याच्या घरात तोडफोड न करता काय काय करता येईल? घरमालक भिंतीला खिळा मारला तरी तोंड वाकडं करतो.

अर्धा_इंजिनीअर

ताई, काही विकत घ्यायच्या आधी बिल नीट वाचा. ते किती दिवसांचं आहे ते बघा, मागचं २८ दिवसांचं आणि हे ३५ दिवसांचं असेल तर तिथेच पाव भाग वाढ झाली, वापर तेवढाच असला तरी. आणि रीडिंग खरोखर घेतलंय की सरासरी टाकलीय तेही बघा. मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळवा. त्यात गडबड निघाली तर बाकी सगळी चर्चा नंतर.

आता मीटर. त्याच्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी १००० किंवा ३२०० असा काहीतरी आकडा छापलेला असतो, तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. म्हणजे ३२००चा मीटर असेल आणि मिनिटात १६ वेळा लुकलुकला तर त्या क्षणी घर ३०० वॅट ओढतंय. घड्याळ लावून मोजा. सगळं बंद करा, दिवा थांबला पाहिजे. मग एकेक वस्तू चालू करत जा. यंत्र बिंत काही लागत नाही, आणि फुकट आहे.

ऑइल हिटरबद्दल एकदाच स्पष्ट सांगतो कारण हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. कॉइलचा असो, पंख्याचा असो, ऑइलचा असो, २००० वॅटचा हिटर एका तासात २ युनिट खातो आणि त्या सगळ्याची उष्णताच होते. यात "कमी खाणारा" असा प्रकार नसतो. ऑइलवाला आवाज करत नाही, हवा भिरभिरवत नाही, बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देतो, म्हणून झोपायच्या खोलीत बरा. पण ती नंतरची ऊब सुरुवातीला तापायला घेतलेल्या विजेचीच असते, वरकमाई नाही. कमी वॅटचा घेतला तर अर्थातच कमी खाईल, आणि खोलीही तेवढी कमी तापेल.

तुमचा हिटर दिवसाला ६ तास सलग चालला तर १२ युनिट, महिन्याला ३६०. त्याला थर्मोस्टॅट (ठरलेलं तापमान आलं की आपोआप बंद करणारा खटका) असेल आणि हिटर मध्ये मध्ये बंद होत असेल तर कमी. होतोय का बंद? नसेल होत तर याचा अर्थ खोलीत ऊब जितक्या वेगाने येतेय तितक्याच वेगाने बाहेर चाललीय आणि तुमचं खरं दुखणं तिथे आहे.

एकच गोष्ट विजेच्या हिटरपेक्षा खरोखर स्वस्त पडते, ती म्हणजे गरम हवा देणारा एसी. घरात एसी आहे का आधीपासून? रिमोटवर सूर्याचं चित्र असेल तर तो हीटिंग करतो. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली खेचून आत आणतो, त्यामुळे १ युनिट विजेत साधारण ३ युनिटची ऊब मिळते. बाहेर फार गारठा असेल तर हा आकडा खाली येतो, तरी साध्या हिटरपेक्षा वरच राहतो.

फटीची_वैरीण

वरच्यांशी सहमत, पण मी म्हणते हिटरचा विषय बाजूलाच ठेवा आणि आधी फटी शोधा. उदबत्ती लावा, जोराचा वारा असेल अशा दिवशी, घरातले पंखे बंद करून दारं खिडक्यांच्या कडेकडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, जिथे आडवा होऊन पळतो तिथे तुमचं बिल पळतंय. खिडकीच्या सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात ती उभी फट, खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं, एसीची किंवा केबलची वायर जिथून आत आलीय ते भोक, एक्झॉस्ट पंख्याची जागा, बाहेरच्या भिंतीवरचे स्विचबोर्ड, आणि सगळ्यात मोठी म्हणजे मुख्य दाराखालची फट. ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली १ सेंटिमीटर फट म्हणजे भिंतीला साडेनऊ सेंटिमीटर लांबी-रुंदीचं भोक पाडून ठेवल्यासारखं. असं भोक भिंतीत दिसलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी बुजवलं असतं, दाराखाली आहे म्हणून कोणी बघत नाही.

भाड्याच्या घरात चालेल असं: दाराखाली जुन्या पँटच्या पायात चिंध्या भरून शिवलेली लांब उशी, खिडकीच्या कडेला फोमची चिकटपट्टी (निघते नंतर, डाग राहिला तर खोबरेल तेलाने जातो), वायरच्या भोकात कापडाचा बोळा. पाणी जायची भोकं मात्र कायमची बुजवू नका, पावसात पाणी आत येईल.

काचेचं वेगळं. एकेरी काच असेल तर फट नसली तरी उष्णता काचेतूनच जाते. फुगे असलेलं पॅकिंगचं प्लॅस्टिक असतं ना, ते काचेवर पाण्याचा फवारा मारून चिकटवा, फुग्यांची बाजू काचेकडे, आपोआप बसतं आणि उन्हाळ्यात ओढलं की निघतं. दिसायला भिकार दिसतं हे कबूल. पण उजेड येतो. हॉलला नको असेल तर मागच्या खोल्यांना लावा. पडदे जाड घ्या आणि खिडकीच्या चौकटीपेक्षा रुंद, नुसते मधोमध लोंबणारे नकोत, वरून खालून हवा फिरली तर पडदा असून नसल्यासारखा. दिवसा उन्हाच्या बाजूचे पडदे पूर्ण उघडा, मावळायच्या आत सगळे ओढून घ्या.

अर्धा_इंजिनीअर

फटीची_वैरीण +१. काचेचा हिशोब देतो. २ चौरस मीटरची एकेरी काच, आत २० अंश बाहेर ५, तर तिच्यातून साधारण १६५ वॅट सतत जातात. दिवसाचे जवळपास ४ युनिट, एका खिडकीतून. आणि हुडहुडी ताई सगळ्यात वरच्या मजल्यावर आहेत, म्हणजे स्लॅबमधून जाणारं वेगळंच. ते भाडेकरूच्या हातात नाही, घरमालकाने गच्चीवर इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) केलं तरच. विचारून बघा, उन्हाळ्यातही घर गार राहील म्हटलं की कदाचित ऐकेल.

रात्रपाळी

माझं मत वेगळं आहे. हिटर मंद ठेवून दिवसभर चालू ठेवायचा. भिंती एकदा तापल्या की मग फार लागत नाही. सारखं बंद चालू केलं की प्रत्येक वेळी थंड घर परत तापवायला जास्त जातं, आमच्याकडे सगळे असंच करतात.

अर्धा_इंजिनीअर

@रात्रपाळी दादा, हे ऐकायला पटतं पण होतं उलटं. घरातून उष्णता किती वेगाने जाते ते आत बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. तुम्ही नसताना घर गार पडलं तर फरक कमी, म्हणजे गळतीही कमी. परत तापवायला जे जास्तीचं लागतं ते मधल्या काळात वाचलेल्यापेक्षा कमीच असतं. फुटक्या माठात दिवसभर पाणी भरत राहण्यापेक्षा पाहिजे तेव्हा भरा.
त्याच नियमाने, फरक १५ अंशांचा असेल आणि तुम्ही एक अंश खाली आलात तर तापवायचा खर्च पंधराव्या भागाने, म्हणजे सहा-सात टक्क्यांनी उतरतो.
तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते गरम हवेच्या एसीसारख्या, बाहेरची उष्णता आत खेचणाऱ्या यंत्रांच्या (हीट पंपच्या) बाबतीत, त्यांना मंद आणि सलग चालणं मानवतं. साध्या हिटरला नाही.

रात्रपाळी

असेल. मीटरचे ठिपके मोजून बघतो मग, एक दिवस असं एक दिवस तसं.

अर्धा_इंजिनीअर

बेस्ट. फक्त दोन्ही दिवशी बाहेरची थंडी सारखी पाहिजे नाहीतर वाद मिटणार नाही :)

जुना_वायरमन

सूनबाई, गिझरचं मी सांगतो, आयुष्य त्यातच गेलं.
एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सव्वा वॅट-तासापेक्षा थोडी कमी वीज लागते, कुठलाही गिझर आणा, त्याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही. १५ अंशाचं पाणी ४० अंशाला नेऊन २० लिटरची बादली भरली तर अर्धा युनिट, जरा जास्त. तेच शॉवरखाली १० मिनिटं उभं राहिलं आणि मिनिटाला ९ लिटर पाणी जात असेल तर अडीच युनिटच्या वर. तुमच्याकडे चार माणसं. करा हिशोब. शॉवर सोडवत नसेल तर कमी पाणी सोडणारी जाळी मिळते ती बसवा.

टाकीचा गिझर दिवसभर चालू ठेवू नका. कोणी पाणी घेतलं नाही तरी टाकी गार होत राहते आणि तो परत परत तापवत बसतो, शिवाय बाथरूम थंड असली की जास्तच. सकाळी सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी उरकायच्या, पंधरा वीस मिनिटं आधी लावायचा, मग बंद. थर्मोस्टॅट पूर्ण वर फिरवलेला असतो बहुतेकांचा, पाणी उकळतं घ्यायचं आणि मग त्यात गार ओतायचं. तो खाली आणा. पण एक पथ्य, मोठी टाकी असेल आणि पाणी त्यात दिवसेंदिवस साठून राहत असेल तर ६० अंशाच्या खाली ठेवू नये, कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, म्हाताऱ्या माणसाला त्याचा न्यूमोनिया होतो. आणि घरात लहान मूल आहे, नळातून थेट ६०चं पाणी अंगावर आलं तर भाजतं, तेव्हा बादलीत आधी गार मग गरम.

क्षार साचल्याने बिल खूप वाढतं असं लोक सांगतात, तितकंसं नाही, कॉइल पाण्यातच बुडलेली असते, उष्णता जाणार कुठे. तापायला वेळ लागतो आणि कॉइल जळते, तो खर्च वेगळा. साफ करून घ्यावी म्हणजे घ्यावी.

आणि तो २००० वॅटचा हिटर कुठे लावलाय? तो जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. छोट्या पिनच्या साध्या प्लगला किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावला असेल तर आजच काढा. मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच पाहिजे. पिन हाताला गरम लागत असेल तर सॉकेट ढिला झालाय, तिथेच आग लागते.

गोधडीतला_सदस्य

सगळ्यांनी घर तापवायचं सांगितलं, मी माणूस तापवायचं सांगतो. रात्री झोपायच्या खोलीत हिटर चालवण्यापेक्षा अंथरूण गरम करा. रबरी पिशवीत २ लिटर गरम पाणी भरायला ०.१ युनिट लागतं, ती अर्धा तास आधी पांघरुणात सरकवून ठेवली की आजींच्या गुडघ्यांनाही आराम. विजेची चादर १०० वॅटच्या आसपास खाते, म्हणजे तुमच्या हिटरच्या विसाव्या भागाइतकी. पण ती झोपायच्या आधी लावून नंतर बंद करायची, घडी घालून कधीच लावायची नाही, आणि मुलीच्या अंथरुणात अजिबात नको. जमिनीवर चटई सतरंजी काही ना काही टाकाच, फरशी पायातून ऊब ओढते.
आणि संध्याकाळी सगळे एकाच खोलीत बसा हो, दार लावून. पोरीचा अभ्यास नाही, ऑफिसची मीटिंग नाही, तर दोन खोल्या कशाला तापवायच्या? एक माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॅटची ऊब देतो, चौघांचे ४०० झाले फुकटात.

बर्फातला_बाबू

मी थंड देशात राहतो त्यामुळे माझं वेगळं आहे, गॅस बॉयलर आणि रेडिएटर, म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांत भिंतीला लावलेल्या धातूच्या पॅनेलमधून फिरवायचं. पण असे इथे अजून कोणी असतील म्हणून लिहितो. बॉयलर कंडेन्सिंग असेल तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान बघा, बसवणारे लोक ते ७५-८० वर ठेवून निघून जातात. परत येणारं पाणी ५५ अंशाच्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेचं आत पाणी होऊन तिची उष्णता वापरात येते, नाहीतर कंडेन्सिंग हे फक्त नावापुरतं. ६० च्या आसपास आणून बघा, घर सावकाश तापतं पण गॅस कमी जातो. (गरम पाण्याची टाकी असेल तर तिचं सेटिंग वेगळं असतं, ते वर वायरमन काका म्हणाले तसं ६०च्या खाली नको.) रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागला तर आत हवा अडकलीय, वरच्या कोपऱ्यातला स्क्रू किल्लीने हळूच सैल करा, फुस्स करून हवा जाते, पाणी आलं की आवळा. आणि सोफा त्याला चिकटवून ठेवू नका.

माजघर

कोणी अजून लिहिलं नाही म्हणून लिहिते आणि हे बिलापेक्षा महत्त्वाचं आहे. वीज वाचवायच्या नादात बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हिटर लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही रंग नाही, डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. गॅस गिझर असेल तर बाथरूमची झडप, एक्झॉस्ट काही बुजवायचं नाही. फटीची_वैरीण ताईंनी सांगितलेल्या फटी विजेवर चालणाऱ्या घरात बुजवा, जिथे काही जळतं तिथली हवा अडवायची नाही.
दुसरं, आजींची खोली १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांसाठी तेवढं किमान सांगितलंय आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना त्याहून थोडं जास्तच लागतं. साधा थर्मामीटर भिंतीला अडकवा, अंदाजाने चालवू नका, म्हाताऱ्यांना थंडी वाजतेय हे कित्येकदा कळतच नाही.

हुडहुडी

बापरे किती माहिती! सगळ्यांचे आभार, वहीत लिहून काढलं.
प्लग लगेच बदलला, वायरमन काका, पिन खरंच गरम लागत होती. बिल ३४ दिवसांचं होतं, रीडिंग मात्र बरोबर निघालं.
उदबत्तीचं केलं, मुख्य दार आणि हॉलची सरकती खिडकी दोन्हीकडे धूर सरळ आडवा. सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत जुन्या साडीची उशी शिवून दाराला लावली सुद्धा.
आता गंमत. सगळं बंद करून मीटर बघितला, दिवा थांबला. मग एकटा गिझर लावला, पाणी तापून त्याचा दिवा विझला, आणि आम्ही कोणीच पाणी घेतलं नाही. तरी तो दर दहा-पंधरा मिनिटांनी परत लागतोय! एवढ्या पटकन गार होतं का टाकीतलं पाणी? गिझर खराब झालाय का?

जुना_वायरमन

चांगली टाकी असती तर तासन् तास लागला नसता. इतक्या लवकर लागतोय म्हणजे गरम पाणी कुठूनतरी निघून जातंय. गरम पाण्याचे सगळे नळ बघा, किचनमधला, वॉशिंग मशीनचा, बेसिनचा. कुठला ठिबकतोय का? गिझरच्या वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थोडं ठिबकतं ते चालतं, सतत वाहायला नको. आणि मिक्सर नळ असेल तर त्याच्या आतूनही गरम पाणी गार लाईनमध्ये घुसतं, ते बाहेरून दिसत नाही. गिझरचा पाणी बाहेर जायचा पाईप हात लावून बघा, कोणी पाणी घेत नसताना तो गरमच राहत असेल तर पाणी चाललंय.

हुडहुडी

सापडलं काका! वॉशिंग मशीनच्या मागे जो गरम पाण्याचा जादा नळ आहे, कधीच वापरत नाही आम्ही, त्याची बारीक धार भिंतीलगत थेट जाळीत जातेय. आवाज नाही काही नाही. खाली पेला धरला तर मिनिटात निम्मा भरला.

अर्धा_इंजिनीअर

निम्मा पेला म्हणजे १०० मिली धरू. दिवसाचे १४४ लिटर. १५ अंशावरून ५५ ला नेलेलं पाणी असेल तर रोज साडेसहा युनिटच्या वर, महिन्याला २००. तुमच्या हिटरच्या निम्म्याहून जास्त गटारात. गिझर दिवसभर चालू असल्यामुळे हे चालत राहिलं, नाहीतर निदान पाणी गारच गेलं असतं.

जुना_वायरमन

वायसर गेलाय, दुसरं काही नाही. मेन कॉक बंद करून नळाचं डोकं उघडा, वायसर बदला, पाच मिनिटांचं काम. गिझरचा खटका आधी पाड. वापरतच नसाल तर सरळ बूच मारून टाका तिथे.

फटीची_वैरीण

आणि हे घरमालकाला सांगा, नळ त्याचा आहे, दुरुस्ती त्याने करायची. वाढलेल्या बिलाचंही बोला, तो काय म्हणतो ते इथे कळवा.

हुडहुडी

बूच मारलं. घरमालक म्हणतोय "नळाचे पैसे देतो, बिलाचं तुमचं तुम्ही बघा". उद्या नवरा बोलणार आहे परत.
अजून एक शंका, थंडीत कपडे वाळतच नाहीत म्हणून हिटरच्या खोलीत दोरी बांधलीय, त्याने काही फरक पडतो का?

गोधडीतला_सदस्य

पडतो ना. ओल्या कपड्यातलं २ लिटर पाणी हवेत जायला सव्वा युनिटच्या वर उष्णता लागते, ती तुमच्या हिटरमधूनच जाते. वर तो दमटपणा रात्री गार भिंतीवर आणि काचेवर बसतो, कोपऱ्यात बुरशी धरते, आजींना खोकला. मशीनमध्ये जास्तीत जास्त वेगाने पिळून घ्या, दुपारी उन्हाच्या बाजूला बाहेर टाका, अगदीच आत वाळवायचे तर हिटर नसलेल्या खोलीत दार लावून, खिडकी थोडी उघडी ठेवून. आणि हिटरवर किंवा त्याच्या तोंडासमोर कपडे कधीच टाकू नका, तीन वर्षांची पोर आहे घरात, दोरी खाली ओढली तर?

हुडहुडी

दोरी सोडली. मागच्या खोलीत बांधतेय.